काढा आणि काळा आजार

आमच्या रामबागेत ताप आला रे आला की आत्या गुळवेलीचा काढा घेऊन हजर, इम्युनिटी वाढली की जंतू आपोआप मरतात म्हणे. परवा मी म्हटलं, आत्या, काळा आजार, तो लांबत जाणारा ताप आणणारा, असा नाही जात हो.

त्या आजाराचा लेशमेनिया नावाचा परजीवी वालुमाशी चावली की अंगात शिरतो आणि ज्या मॅक्रोफेज पेशींनी त्याला खायचं त्यांच्यातच राहतो, म्हणजे चोराने पोलीस चौकीतच बिऱ्हाड मांडलं, आता बोला! त्या पेशीला टी-पेशींकडून (या रक्तातल्या दुसऱ्या संरक्षक पेशी) इंटरफेरॉन-गॅमा नावाच्या प्रथिनाचा इशारा मिळाला तरच ती नायट्रिक ऑक्साइड वगैरे बनवून आतल्या पाहुण्याला मारते, आणि या आजारात नेमका तोच इशारा कमी पडतो. या आजारावरचं जुनं औषध म्हणजे अँटिमनी या धातूचं इंजेक्शन, त्यालाही पेशंटच्या टी-पेशींची साथ लागते, म्हणून एचआयव्ही असला की आजार पुन्हा पुन्हा उलटतो.

मग डॉक्टरांनी औषध आणि तो इशारा, दोन्ही एकत्र द्यायचं ठरवलं. १९९० च्या सुमारास ब्राझीलमधे अँटिमनीसोबत इंटरफेरॉन-गॅमा दिलं, औषधाला दाद न देणारे बरेच पेशंट सुधारले. व्हेनेझुएलात याच परजीवीच्या कातडीवर होणाऱ्या आजारावर मेलेले परजीवी आणि बीसीजी (टीबीची लस) टोचून पाहिलं, तेही चाललं. बिहारमधे मात्र इंटरफेरॉनने फार फरक पडला नाही, तिथे अँटिमनीच निकामी होत चाललं होतं. शिवाय इंटरफेरॉन महाग, रोजचं इंजेक्शन, वर फ्रीज हवा, गावात कुठून आणायचं? आता आपल्याकडे लायपोसोमल अँफोटेरिसिन-बी, म्हणजे चरबीच्या बारीक कणांत भरलेलं परजीवी मारणारं औषध, वजनाच्या किलोमागे १० मिलिग्रॅम, एकाच सलाइनमधे काम होतं.

आत्या म्हणाल्या, "मग त्यात गुळवेल घातली तर?"