उतू गेलेलं दूध

परवा दुपारी चहाचं दूध उतू गेलं. तेही मी गॅससमोर उभी असताना. साय फुगली, कडेनं बुडबुडे चढले, सगळं बघत होते. हात निघालासुद्धा. पण बोटं बटणावर वळेपर्यंत दूध ओट्यावरून खाली.

"लक्ष कुठं असतं तुझं?" बाहेरच्या खोलीतून आलंच.

लक्ष तिथंच होतं हो! सहा वर्षं झाली, मला आमवात आहे. डॉक्टरांच्या कागदावर 'र्‍हुमॅटॉइड आर्थरायटिस'. शरीराची राखणदार फौज आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर चाल करून जाते म्हणे. सकाळी तासभर तरी मूठ वळत नाही. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच, ती रविवारी. उरलेले सहा दिवस लोकांचे सल्ले. "वांगं सोडा, वातूळ असतं." जळगावात राहून वांगं सोडा! डॉक्टरांनी मला तरी भरिताची बंदी घातलेली नाही, आणि घातली तर मी डॉक्टर बदलीन.

भाचा बारावीला आहे. त्यानं एकदा माझ्या अंगठ्या-बोटामध्ये फूटपट्टी धरली. "मावशी, सोडली की पकड." पट्टी वीस सेंटीमीटर पडायला ०.२ सेकंद लागतात, त्यावरून माणूस किती चपळ ते काढायचं. त्यानं स्वतः सतरावर पकडली. माझी सकाळी थेट फरशीवर, संध्याकाळी सव्वीसवर. डोळे तेच, डोकं तेच. सुटल्याचं मला दोन्ही वेळा लगेच कळलं होतं. सुजलेली बोटं मिटायलाच उशीर. वहीत मात्र त्यानं 'मावशी : स्लो' असंच लिहिलं. गधडा.

हात म्हटलं की मला आजीचेच आठवतात. आखाजीला अंगणात चूल, चुलीवर पालथं खापर, आणि आजी. पुरण भरलेला सैल गोळा ती या हातावरून त्या हातावर झुलवायची. बघता बघता तो कोपरापर्यंत पसरायचा, इतका पातळ की पलीकडची चूल दिसावी. मग एका झोक्यात खापरावर. त्यात थांबणं नाही. क्षणभर हात रेंगाळला की पोळीला भोक. आम्ही पोरं त्या भोकाचीच वाट बघत बसायचो, कारण फाटलेली पोळी आमची. फार कमी मिळायची.

एका आखाजीला मात्र एकामागून एक चार फाटल्या. आम्ही खूश. पाचव्या गोळ्याला आजी उठली, काकूला पुढे सरकवलं आणि म्हणाली, "मना हात मनं ऐकत नही." सगळे हसले. आजी म्हातारी झाली, एवढंच ठरलं. ती पडवीत जाऊन बसली. पाण्याचा गडू तिनं दोन्ही तळव्यांत धरला होता आणि बोटं सगळी करंगळीकडे कललेली होती. मला ती अजून स्पष्ट दिसतात. तेव्हा कुणी विचारलं नाही. दवाखान्यात तर नाहीच नेलं.

परवा ओटा पुसताना हिशेब केला. त्या आखाजीला आजी बावन्न वर्षांची होती. माझ्याहून दोन वर्षांनी लहान.