आवाजाला रकाना नव्हता

भीमाशंकरला मी निदान दहा वेळा गेले असेन. दर्शन, पिठलं-भाकरी आणि अंधार पडायच्या आत पुणं. देवळामागे पसरलेलं रान 1985 पासून अभयारण्य आहे, हे मला पाटीवर वाचून ठाऊक होतं इतकंच. मग बुद्धपौर्णिमेच्या प्राणीगणनेला वनविभाग नागरिकांनाही मचाणावर बसू देतो असं कळलं आणि मी अर्ज टाकला.

कागदपत्रं फार नव्हती. अर्ज, आधारची प्रत आणि स्वतःच्या जबाबदारीवर येत असल्याचं हमीपत्र. ते आईने वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. सूचनांचा कागद मात्र लांबलचक होता: मातकट कपडे, अत्तर नको, फ्लॅश नको, एकदा वर चढलं की सकाळपर्यंत खाली उतरायचं नाही. शेवटच्या सूचनेमुळे दुपारपासून मी पाणी घोटघोट पीत होते.

वाकडेवाडीहून सकाळची एसटी धरली. मंचर, घोडेगाव, मग डिंभे धरणाचं आटलेलं पाणी. मे महिन्यात रानातलेही झरे असेच आटतात, जनावरं उरलेल्या मोजक्या पाणवठ्यांवर येतात आणि पौर्णिमेच्या उजेडात ती टॉर्चशिवाय दिसतात. बुद्धपौर्णिमा निवडतात ती म्हणून. अर्थात तेच जनावर दोनदा येऊन दोनदा मोजलं जाऊ शकतं. त्यामुळे खऱ्या अंदाजासाठी आता कॅमेरा ट्रॅप, म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावतात, आणि आमच्यासारख्यांच्या या रात्रीला बऱ्याच ठिकाणी सरळ 'निसर्गानुभव' म्हणतात. हे मला तिथे गेल्यावर कळलं. जरा हिरमुसले, खोटं कशाला बोलू.

माझ्यासोबत एक वनमजूर मामा होते. मचाण जांभळीवर, बांबूचं, पुढून डहाळ्या बांधून झाकलेलं. वर चढताना त्यांनी शेजारच्या झाडावरचं शेकरूचं, म्हणजे मोठ्या खारीचं, घरटं दाखवलं. म्हणाले, "एकाची चार-पाच असत्यात. कुठलं भरल्यालं हाय ते त्यालाच म्हाईत."

हातात छापील तक्ता होता. वेळ, प्राणी, नर, मादी, पिल्लं, एकूण. पहिली नोंद सव्वासातला झाली. एकटं भेकर आलं. दोन पावलं टाकी, थांबे, कान फिरवी. पाण्यापर्यंतच्या वीस-पंचवीस फुटांना त्याने दहा मिनिटं लावली आणि प्यायलं जेमतेम अर्धा मिनिट. मी श्वास धरून होते. मग वाळलेल्या पानात कुठेतरी काहीतरी खसखसलं आणि ते दिसेनासं झालं.

नऊनंतर रानडुकरं आली. त्यांना कसली भीडभाड नाही. चिखलात लोळणं, ढुशा, केकाटणं. मी मोजली अकरा, मामांनी तेरा. पिल्लं आईच्या पोटाखालून इकडून तिकडे पळत होती, त्यामुळे तिसऱ्यांदा मोजल्यावर माझी नऊ भरली.

"काय लिहू?"

"दोघांनी मिळून जेवढी नक्की पाह्यली तेवढी लिवा, ताई."

अकरा लिहिली. पिल्लांच्या रकान्यात पाच.

साडेअकराच्या सुमारास कोकणाकडून ढग चढले. कड्यावरच्या रानात मे संपताना हे व्हायचंच. चंद्र गेला, पाणवठा गेला, माझा स्वतःचा हातही गेला. लांब रातवा पक्षी चकचक करत होता, तोही गप्प झाला. त्या काळोखात पाणी पिण्याचा आवाज आला. चप-चप, संथ, जिभेने लपलपल्यासारखा. डुकराचा नव्हता, एवढं मलाही कळलं. मामांनी माझ्या मनगटावर बोट ठेवलं, हलू नको म्हणून. दोन मिनिटं असेल, मला तासभर वाटलं.

आवाज थांबल्यावर मी कुजबुजले, "बिबट्याच ना?"

"असंल."

"लिहू?"

"पाह्यला का?"

मी पेन्सिल खाली ठेवली. राग आला होता, त्यांचा नाही, ढगांचा.

उजाडल्यावर आधी चिखलाकडे धावले. पहाटे डुकरं पुन्हा येऊन गेली होती. सगळा काठ खुरांनी उलटापालटा. मामा वाकून कडेकडेने फिरले, एका जागी बराच वेळ उकिडवे बसले, मग पँट झटकत उठले. एका झुडपाखाली साळिंदराचा काटा मिळाला. तो मी पुन्हा तिथेच ठेवला, कारण रानातून काहीही न्यायचं नाही हेही सूचनांत होतं.

तक्ता जमा केला: भेकर 1, रानडुक्कर 11. पहाटेच्या कळपाची वेगळी नोंद केली, संख्या 'अस्पष्ट'. साडेअकराच्या ओळीत फक्त वेळ होती आणि पुढे आडवी रेघ. वनरक्षकांनी त्या रेघेवर बोट ठेवून मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "राहू द्या ती."

घरी आईने विचारलं, "काय दिसलं?"

मी आधी पोहे मागितले.