पाण्याच्या वाटेने स्पेन

मुंबई महापालिकेच्या पाणीखात्यात एकतीस वर्षे नोकरी करून मी गेल्या वर्षी निवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतरचा पहिला मोठा प्रवास स्पेनचाच करायचा हे कितीतरी आधीपासून मनात होते. माझी धाकटी बहीण शाळेत इतिहास शिकवते. तिला कोर्दोबाची मशीद आणि ग्रानादाचा राजवाडा पाहायचा होता. मला सेगोव्हियाचा जलसेतू पाहायचा होता, कारण अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात त्याचे एक धूसर छायाचित्र होते आणि ते माझ्या डोळ्यांपुढून कधी हललेच नाही. एप्रिलमध्ये आम्ही दोघी निघालो. परत आल्यावर वही उघडून पाहते तो गावे वेगवेगळी असली तरी नोंदी सगळ्या पाण्याच्याच होत्या, म्हणून इथेही त्याच वाटेने लिहिते आहे.

माद्रिदहून ग्वादारामा पर्वत ओलांडून बस सेगोव्हियाला उतरते, आणि स्थानकापासून थोडे चालले की रस्ता एका चौकात संपतो व समोर तो सेतू उभा राहतो. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात रोमनांनी बांधलेल्या या सेतूत चुन्याचा कणही नाही. ग्रॅनाइटचे चिरे एकमेकांवर नुसते रचलेले आहेत आणि कमानीच्या दाबाने जागच्या जागी घट्ट बसले आहेत. चौकापाशी त्याची उंची २८ मीटर भरते, म्हणजे आपल्याकडच्या नऊ मजली इमारतीएवढी. जवळ जाऊन पाहिले तर चिऱ्यांच्या दर्शनी बाजूला बोट जाईल एवढी खळगी दिसते. चिरा वर चढवताना लोखंडी चिमट्याची टोके ज्यात रुतवत, त्या या खाचा. मी एका खाचेत बोट घातले; आतला दगड अजून खडबडीत होता.

पण सेतू म्हणजे त्या योजनेचा सर्वांत देखणा तुकडा, संपूर्ण योजना नव्हे. पाणी डोंगरातल्या ओढ्यातून सुमारे पंधरा किलोमीटरवरून पाटाने येई, गावाजवळच्या दगडी टाक्यांत त्यातला गाळ खाली बसे, आणि मग गावाच्या अगदी तोंडाशी दरी आडवी येते म्हणून तेवढ्यापुरत्या कमानी. मिळालेली उंची वाया जाऊ द्यायची नाही, हा सगळ्या बांधकामामागचा एकच हिशेब आहे. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला ज्या न्यायाने येते तोच हा न्याय. पंप नाही, फक्त उतार. कात्रजच्या तलावातून पेशव्यांनी पुण्यात आणलेल्या पाण्याचे उच्छ्वास (हवा जाण्यासाठीच्या उभ्या नळ्या) आणि हौद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे नव्याने सांगायला नको. आम्ही सेतूच्या कडेकडेने चढावर चालत गेलो तशा कमानी बुटक्या होत गेल्या आणि अखेर एक साधी भिंत उरली. तिथे एकही पर्यटक नव्हता. मला मात्र सेगोव्हियातली ती जागा सर्वांत जास्त आवडली.

तोलेदोविषयी थोडक्यात लिहिते. ताहो नदीने तीन बाजूंनी वेढलेल्या खडकावरचे हे गाव दुरून पाहावे. नदीपलीकडच्या रस्त्यावरून संध्याकाळी ते जसे दिसते तसे गल्ल्यांतल्या गर्दीतून दिसत नाही. सान्तो तोमे चर्चमधले एल ग्रेकोचे मोठे चित्र बहिणीने अर्धा तास पाहिले, आणि तिने ते पाहावे हे योग्यच होते. मी मात्र नदीकाठी हुआनेलो तुर्रिआनोच्या यंत्राची जागा शोधत होते. हा मूळचा इटलीतला घड्याळजी. गावाच्या पायाशी एवढी मोठी नदी आणि वर गाढवांच्या पाठीवरून पाणी, ही अवस्था पाहून त्याने १५६९ च्या सुमारास नदीच्याच जोरावर चालणारे यंत्र उभारले आणि पाणी सुमारे शंभर मीटर वर राजवाड्यापर्यंत चढवले. त्या काळी एवढी उंची कुणाला शक्य वाटत नव्हती. पाणी राजवाड्याला गेले म्हणून नगराने पैसे दिले नाहीत, राजाकडूनही पुरते आले नाहीत, आणि १५८५ मध्ये तो कर्जात वारला. हा राजा दुसरा फिलिप. १५८० पासून तो पोर्तुगालचाही राजा होता, म्हणजे वसईचा किल्ला आणि मुंबईची बेटे त्या वर्षांत त्याच्याच नावाने चालत होती. हे मला बहिणीने नदीकाठी बसून सांगितले आणि हुआनेलोची गोष्ट एकदम घराजवळची वाटू लागली.

कोर्दोबाची मशीद ७८५ मध्ये बांधायला घेतली. आत आठशेहून अधिक खांब आहेत आणि त्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या दुहेरी कमानी, आणि सोळाव्या शतकात त्यांच्या मधोमध उभारलेले कॅथीड्रल. तिचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, ते सगळे खरे आहे, आणि आत गेल्यावर ते सगळे अपुरे वाटते. बाहेर संत्र्यांच्या अंगणात दगडी फरसबंदीतून अरुंद पाट काढून प्रत्येक झाडाच्या आळ्यापर्यंत नेले आहेत. कोकणात पोफळीच्या वाडीला पाटाचे पाणी देताना आळ्याआळ्याचे तोंड मातीने उघडतात आणि बंद करतात, तीच रीत इथे दगडात कोरलेली आहे. माझे आजोळ गुहागरचे. त्या अंगणात मी नकळत वाकून पाण्याचा उतार पाहू लागले होते.

ग्रानादाकडे जाताना खिडकीबाहेर तासभर ऑलिव्हची झाडे होती, टेकड्यांवर आखून लावल्यासारखी, आणि मग एकाएकी सिएरा नेवादा पर्वताचे बर्फ दिसले. आल्हाम्ब्रा म्हणजे ग्रानादाचा तो राजवाडा, आणि पाण्याशिवाय तो समजत नाही. १२३८ मध्ये ग्रानादाचा सुलतान पहिला मुहम्मद याने या लाल टेकडीवर किल्ला बांधायला घेतला तेव्हा टेकडीवर पाणी नव्हते. त्याने दार्रो नदीच्या वरच्या अंगाला, सुमारे सहा किलोमीटरवर, बांध घातला आणि डोंगराच्या कुशीतून एकाच पातळीला धरून एक पाट आणला. त्याला शाही आसेकिया म्हणतात; आसेकिया हा शब्द अरबी साकियावरून आला. नंतरचे सगळे, म्हणजे बागा, हमामखाने, बारा सिंहांचे कारंजे, या एका पाटावर उभे आहे.

विलायती मेंदीच्या ताटव्यांच्या अंगणात लांबट हौद आहे आणि त्यात समोरचा बुरूज उलटा दिसतो. मी हौदाच्या टोकाशी बसून पाहत होते. पाणी एका गोल, उथळ थाळीत उमलते, तिथून अरुंद पन्हळीतून सरकते आणि हौदात शिरते ते इतक्या हलक्या पावलाने की आरशावर तरंग उठत नाही. पाण्याचा वेग मारून त्याला शांत करणे किती अवघड असते हे मी आयुष्यभर टाक्यांच्या तोंडाशी पाहिले आहे. इथे चौदाव्या शतकातल्या कुणा कारागिराने ते काम हाताच्या तळव्याइतक्या उथळ पाण्यात केले आहे. सिंहांच्या कारंज्याच्या काठावर इब्न झमरक या कवीच्या ओळी कोरल्या आहेत. पाणी आणि संगमरवर यांतले नेमके वाहते कोण, असा प्रश्न त्यांत केला आहे. बहिणीने त्यांचा अर्थ वाचून दाखवला तेव्हा आम्ही दोघीही थोडा वेळ काही बोललो नाही.

वर हेनेरालिफेच्या बागेत पाण्याचा जिना आहे. दोन्ही बाजूंच्या कठड्यांच्या माथ्यावर पन्हळी आहेत आणि त्यांतून पाणी खळाळत खाली येते, म्हणजे आधारासाठी हात ठेवायचा तो वाहत्या पाण्यावर. “ताई, हात घालून बघ,” असे म्हणत बहिणीने आपला हात कोपरापर्यंत भिजवून घेतला. पाणी बर्फासारखे गार होते.

व्हॅलेन्सिया आमच्या यादीत शेवटी आले, आणि ते केवळ माझ्या हट्टामुळे, कारण तिथे गुरुवारी पोहोचायचे होते. १९५७ च्या महापुरानंतर या शहराने आपली तूरिया नदी दक्षिणेला वळवली आणि जुन्या पात्रात बाग केली. त्या बागेतून, पाणी नसलेल्या जुन्या पुलांखालून चालताना २००५ च्या जुलैतली मिठी नदी आणि कुर्ल्याच्या वस्तीत टँकर पोहोचवण्यासाठी जागून काढलेल्या रात्री आठवल्यावाचून राहिल्या नाहीत.

गुरुवारी दुपारी बाराच्या ठोक्याला कॅथीड्रलच्या प्रेषितांच्या दारात पाण्याचे न्यायालय भरते. शहराभोवतीच्या शेतीला पाणी देणाऱ्या आठ पाटांचे शेतकऱ्यांनीच निवडलेले पंच काळे सैल अंगरखे घालून गोलाकार खुर्च्यांवर बसतात. वकील नाही, कागद नाही. तक्रार तोंडी, उत्तर तोंडी, निवाडाही तिथल्या तिथे, आणि त्यावर अपील नाही. युनेस्कोने २००९ मध्ये या परंपरेची अमूर्त वारशात नोंद केली. आपल्याकडे धुळे-नाशिकच्या फड पद्धतीत पाणी गावकऱ्यांच्याच ठरावाने फिरते आणि पाटकरी ज्याची पाळी त्याला पाणी देतो; त्या फडांवर मी नोकरीच्या सुरुवातीला एकदा अभ्यासदौऱ्यावर गेले होते. तिथल्या म्हाताऱ्या पाटकऱ्याची बसण्याची ढब आणि या पंचांची ढब यांत मला फरक दिसला नाही.

हातात पितळी आकडी घेतलेला शिपाई एकेका पाटाचे नाव घेऊन त्या पाटाची तक्रार असलेल्यांना पुकारत होता. प्रत्येक नावानंतर तो थांबे, सगळा चौक गप्प होई, आणि कुणी पुढे येत नसे. आठही नावे अशीच गेली. पंच उठले, दोन माणसांनी खुर्च्या एकेक करून आत नेल्या, आणि गर्दी पांगल्यावरही मी त्या रिकाम्या दाराशी उभी होते, कारण त्या आठवड्यात आठही पाटांवर प्रत्येकाला आपल्या वाट्याचे पाणी मिळाले होते.