एक मुलाखत, चार वाचनं

शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत तो तक्ता असतोच. एका बाजूला प्रत्यक्षार्थवाद, उत्तर-प्रत्यक्षार्थवाद, चिकित्सक आणि रचनावादी ही प्रतिमानं, म्हणजे संशोधनाकडे पाहण्याच्या मूळ दृष्टी. दुसऱ्या बाजूला तीन प्रश्न: वास्तव कशाला मानायचं, ते कळतं कसं आणि पद्धत कोणती. गुबा आणि लिंकन या अमेरिकी संशोधकांनी १९९४ साली मांडलेली ही चौकट. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२च्या नियमांप्रमाणे कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं, त्यात हा तक्ता पाठ करून मार्क मिळतात. मलाही मिळाले. मग आराखडा लिहायची वेळ आली आणि तक्ता मुका झाला.

माझा विषय बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबांतल्या मुलांचं शिक्षण. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या की वर्ग कसा रिकामा होतो, हे मला कोणी सांगायला नको. मार्गदर्शक मॅडमनी कच्चा आराखडा चाळला आणि म्हणाल्या, "मुलाखती घेणार आहेस, एवढ्यानं प्रतिमान ठरत नाही. आधी एकच मुलाखत घे आणि ती चारही बाजूंनी वाचून आण."

मुलाखत एका आईची होती. तिचं एक उत्तर तसंच देते: "नाव हाय की शाळंत. नाव गावात ऱ्हातं, लेकरू आमच्यासंगं येतं. धाकट्याला फडात कुटं निजवू? आन् शिकून बी कोयताच हाती येनार आसंल तर, बाई, तुमीच सांगा."

प्रत्यक्षार्थवादी, म्हणजे मोजमापावर भर देणारं, वाचन लवकर उरकलं. कारणांची यादी तयारच असते: स्थलांतर, भावंडाचा सांभाळ, पालकांची उदासीनता. शेवटचं वाक्य तिसऱ्या रकान्यात जातं, बाकीच्या मुलाखतींशी बेरीज होते आणि टक्केवारी निघते.

उत्तर-प्रत्यक्षार्थवादाबद्दल आमच्याकडे जरा नाक मुरडलं जातं, पण मला त्यानं बरंच काही दिलं. वास्तव बाहेर आहे, आपल्याला ते पुरतं कळणार नाही, म्हणून वेगवेगळ्या बाजूंनी पडताळा घ्या, असा त्याचा आग्रह. मी हजेरीपट मागितला. आईबरोबर फडावर गेलेली तिची थोरली मुलगी त्यात जानेवारीतही हजर होती! आईच्या बोलण्यातलं 'नाव गावात ऱ्हातं' मला तेव्हा नीट ऐकू आलं.

अर्थनिर्णयवादी वाचनात, म्हणजे माणसं आपल्या जगण्याला काय अर्थ देतात हे पाहणाऱ्या आणि तक्त्यातला रचनावाद ज्यात येतो त्या वाचनात, मात्र रकानेच मोडले. 'तुमीच सांगा' हे ती कोणाला म्हणतेय? मला, सरकारी पगार घेणाऱ्या बाईला. तिनं कारण दिलंच नव्हतं, मला प्रश्न विचारला होता. जर्मन तत्त्वज्ञ हुसर्लच्या वाटेनं जाणारे सांगतात की आपल्या पूर्वधारणा कंसात बाजूला ठेवा. मला ते जमणारं नव्हतं. मी शिक्षिका आहे हे तिला ठाऊक होतं आणि उत्तरातला टोमणा त्यातूनच आला होता. रचनावादी म्हणतात, संशोधक आणि सहभागी मिळून अर्थ घडवतात, तेव्हा स्वतःला लपवू नका. हे मला जास्त प्रामाणिक वाटलं.

चिकित्सक वाचनाला, म्हणजे सत्ता आणि शोषण कुठे आहे हे विचारणाऱ्या वाचनाला, सगळ्यात जास्त वेळ लागला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ती ऊस तोडूनच फेडायची असते. बाई फडात राबू शकते, कारण थोरली पोरगी कोपीत (तळावरच्या झोपडीत) धाकट्याला सांभाळते; त्या पोरीचं काम मात्र कोणाच्याच हिशेबात नसतं. मग प्रश्नच बदलतो: पोरगी शाळा का सोडते, यापेक्षा तिच्या न मोजलेल्या श्रमावर कोणाचं चालतं? फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे असाच हिशेब मांडला होता की महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांवर होतो. चिकित्सक प्रतिमान शिकायला आपण थेट हाबरमास, फ्रेरी अशा परदेशी विचारवंतांपासून सुरुवात करतो याची मला गंमत वाटते. तरी या वाचनाबद्दल एक शंका माझ्या मनात आहेच. त्याला उत्तर बरेचदा आधीच माहीत असतं आणि रचनेवर बोलता बोलता ती आई दिसेनाशी होते.

मग या प्रतिमानांची मिसळण करायची का? १९९४ मध्ये गुबा-लिंकन यांची भूमिका ताठर होती. २००० साली त्यांनी सहभागी प्रतिमान जोडलं आणि रचनावादी, चिकित्सक, सहभागी ही एकमेकांच्या जवळ येऊ शकतात, प्रत्यक्षार्थवादाशी मात्र जुळणं अवघड, असं मांडलं. मी अर्थनिर्णयवादी पाया घेतला आणि त्यावर चिकित्सक प्रश्न ठेवले. हजेरीपटही ठेवला, पण खरंखोटं तपासायला नव्हे. तो कोण, कोणासाठी भरतं हे पाहायला.

सल्लागार समितीत अपेक्षित प्रश्न आले. नमुना किती? परिकल्पना कुठे आहे? सामान्यीकरण कसं करणार? मी गुणात्मक संशोधनासाठी लिंकन-गुबांनी १९८५ साली दिलेले चार निकष पुढे ठेवले: विश्वासार्हता, स्थानांतरणीयता, अवलंबनीयता, पुष्टीक्षमता. दोघांचं समाधान झालं, एकांचं झालं नाही. खरा प्रश्न शेवटी एका मॅडमनी विचारला: "हे लिहिलेलं त्या बाईला वाचून दाखवणार का, आणि कुठे?"

'कुठे' महत्त्वाचं होतं. कारखान्याच्या तळावर मुकादम येऊन बसतो. तिथे वाचणं म्हणजे तिलाच अडचणीत आणणं. म्हणून हंगाम संपून टोळ्या परतल्यावर गावात, तिच्या घरी वाचलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "शिकू नगं आसं न्हाई म्हनलं मी. तसं लिवा."

पडताळ्याच्या भूमिकेतून पाहिलं तर तिच्या या दोन विधानांतलं कोणतं खरं, हे मला ठरवावं लागलं असतं. माझ्या प्रतिमानात दुसरं विधान हीदेखील नवी माहितीच; दोन्ही राहिली, तारखांसकट. 'पालकांची उदासीनता' हा कोडही, म्हणजे मुलाखतींतल्या वाक्यांना लावायचं लेबल, मी खोडला नाही. तो आता मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांच्या मुलाखतींना लावते, कारण ते शब्द त्यांचे आहेत.