पत्रकावर जागा एवढीशीच

मागच्या हिवाळ्यात इथे अमेरिकेत एका चर्चच्या तळघरात युद्धविरोधी मीटिंगला गेले होते. आम्ही अकरा जणं, कॉफी गार झालेली, हीटर चालू आहे की बंद तेच कळेना, आणि दोन तास भांडण कशावरून तर एका अर्ध्या पानाच्या पत्रकावरून. एक आजोबा होते, व्हिएतनामच्या वेळी ड्राफ्ट कार्ड (सक्तीच्या लष्करभरतीचं कार्ड) जाळलेले. ते म्हणाले, मागणी एकच ठेवा, बॉम्ब पाठवणं बंद करा, बस. त्यात पोलीस घाला, हवामान घाला, सगळं जग घाला, की वाचणारा दुसऱ्या ओळीलाच कागद खिशात कोंबतो. समोर एक विशीतली कृष्णवर्णीय मुलगी बसली होती, ती शांतपणे म्हणाली, तुम्हाला हे तीन विषय वाटतात कारण तुमच्या दारात ते तीन वेगवेगळ्या दिवशी येतात, आमच्याकडे एकाच गाडीतून उतरतात.

मी मधे बसून कप उचलत होते आणि मला दोघंही बरोबर वाटत होते, जे मीटिंगमधे फारसं कामाचं नसतं. पण तिचं ते वाक्य डोक्यातून जाईना म्हणून घरी आल्यावर वाचत सुटले, काही आठवडे तेच चाललं होतं, आणि आता ते इथे टाकतेय. लांबलंय, आधीच सांगते.

सुरुवात सॅमी यंगपासून करते, कारण हा मुलगा मला आधी माहीतच नव्हता. अलाबामातलं टस्कीगी, ३ जानेवारी १९६६. एकवीस वर्षांचा कृष्णवर्णीय विद्यार्थी, अमेरिकन नौदलात नोकरी करून परत आलेला, एका पेट्रोल पंपावर फक्त गोऱ्यांसाठी ठेवलेलं टॉयलेट वापरायला जातो आणि पंपावरचा माणूस त्याला गोळी घालून मारतो. तीन दिवसांनी, ६ जानेवारीला, स्निक (दक्षिणेत मतदार नोंदणीचं जीवघेणं काम करणाऱ्या तरुण पोरापोरींची संघटना) व्हिएतनाम युद्धाविरुद्ध जाहीर निवेदन काढते. त्यातला मुद्दा साधा होता: यंगचा खून आणि व्हिएतनाममधल्या शेतकऱ्याचा खून वेगळे नाहीत, दोघंही कायद्याने दिलेले हक्क मागत होते आणि दोन्हीकडे जबाबदारी याच सरकारची आहे.

म्हणजे बघा, हे कुठल्या सेमिनारमधे बसून जोडलेलं नाही. एक दोस्त मेला, त्याच्या अंगावर काल-परवापर्यंत याच देशाचा युनिफॉर्म होता, त्यातून ते आलंय.

आणि याची किंमत लगेच मोजावी लागली. स्निकचे ज्युलियन बाँड तेव्हा जॉर्जियाच्या विधानसभेवर नुकतेच निवडून आले होते, त्यांनी या निवेदनाला पाठिंबा दिला म्हणून सभागृहाने त्यांना शपथच घेऊ दिली नाही. सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, डिसेंबर १९६६ मधे निकाल एकमताने त्यांच्या बाजूने लागला. मार्टिन ल्यूथर किंग न्यू यॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमधे युद्धाविरुद्ध बोलले ते ४ एप्रिल १९६७ ला, म्हणजे या पोरांच्या सव्वा वर्षानंतर. त्यावरही मोठमोठ्या पेपरांनी अग्रलेख लिहून त्यांना झापलं, की नागरी हक्कांचं बघा, परराष्ट्र धोरण तुमचं काम नाही. खुद्द एनएएसीपीनेही (कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारी जुनी, मोठी संघटना) दोन चळवळी एकत्र करायला विरोध केला. आमच्या आजोबांचं म्हणणं आणि त्या अग्रलेखांचं म्हणणं शब्दाशब्दाला जुळतं असं मी म्हणणार नाही, ते अन्यायाचं होईल, पण सूर थोडा ऐकल्यासारखा वाटला खरा.

हे ‘एकाच गाडीतून’ प्रकरण मात्र मला खऱ्या अर्थाने कळलं ते फोर्ट हूडच्या गोष्टीने. ऑगस्ट १९६८. टेक्सासच्या त्या तळावर बरेचसे सैनिक व्हिएतनामहून परतलेले, आणि आता त्यांना ऑर्डर येते की शिकागोला जायचंय, डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात दंगल झाली तर बंदोबस्ताला. शंभरेक कृष्णवर्णीय सैनिक रात्री तळावरच मोकळ्या जागेत जमले आणि रात्रभर बोलत बसले. आपल्याच लोकांवर बंदूक रोखायची का? सकाळी त्यातल्या ४३ जणांना अटक झाली. तीच बंदूक, तेच ट्रेनिंग, तोच माणूस, फक्त रोखायची दिशा बदललेली. आता तर माणूस पाठवायचीही गरज नाही, १९९० च्या दशकापासून पेंटॅगॉन, म्हणजे अमेरिकेचं संरक्षण खातं, वापरात नसलेलं सामान, रायफलींपासून सुरुंग झेलणाऱ्या चिलखती गाड्यांपर्यंत, गावोगावच्या पोलिसांना जवळजवळ फुकट देतं. मिसूरीतल्या फर्ग्युसनमधे २०१४ साली मायकल ब्राऊन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाला पोलिसाने मारल्यावर जे काही रस्त्यावर उतरलं ते टीव्हीवर बघून लोक विचारायला लागले, हे सगळं येतं कुठून. ओबामांनी २०१५ मधे थोडे निर्बंध घातले, ट्रम्पनी २०१७ मधे ते काढले.

आणि ड्राफ्टचं तर बोलायलाच नको. कॉलेजात असलात तर बरीच वर्षं सूट मिळायची, त्यामुळे कोण राहिलं मागे ते तुम्हीच ओळखा. १९६६ पासून संरक्षण खात्याने परीक्षेत कमी गुण पडलेल्यांनाही भरती करायची योजना काढली, गरिबांना संधी म्हणून, आणि त्यातून सुमारे ३,५०,००० पोरं घेतली गेली, त्यातली जवळपास ४० टक्के कृष्णवर्णीय. १९७३ ला ड्राफ्ट संपला आणि गोऱ्या मध्यमवर्गाच्या घरातली निकड पण संपली. (हे मी आजोबांना नाही बोलले. ते अजूनही येतात, गार कॉफी पितात, त्यांना काय बोलायचं.)

आता हवामान, म्हणजे पर्यावरण. इथे मला सगळ्यात जास्त चटका लावून गेला तो आर्थर गॅल्स्टन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ. याने १९४० च्या दशकात पीएचडीसाठी सोयाबीनवर काम केलं, रोपाला लवकर फुलं यावीत म्हणून एक रसायन वापरून बघितलं, आणि नोंद केली की जास्त झालं तर पानं गळतात. निरुपद्रवी नोंद. पुढे लष्कराच्या प्रयोगशाळेत पानं गळवणारी रसायनं बनवण्याच्या कामात हे संशोधन उपयोगी पडलं, आणि मग १९६१ ते १९७१ व्हिएतनामवर एजंट ऑरेंज आणि त्याची भावंडं विमानातून फवारली गेली, सात कोटी लिटरच्या वर. जंगलं गेली, खाजणं गेली, भातं गेली, आणि त्यातलं डायऑक्सिन नावाचं विष माणसांच्या अंगात राहिलं, फवारणाऱ्यांच्या पण. गॅल्स्टनला हे कळल्यावर तो गप्प बसला नाही, इतर शास्त्रज्ञांना गोळा करून सरकारच्या मागे लागला, आणि १९७० मधे त्याने या प्रकाराला नाव दिलं, इकोसाइड. वंशसंहारासारखा निसर्गसंहार. तर ‘युद्ध आणि पर्यावरण’ हे जोडकाम आजच्या पोरांनी सोशल मीडियावर शोधलेलं फॅड आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हा शब्द पन्नाशी ओलांडून बसलाय.

कार्बनचा हिशेब तर अजून मजेशीर, म्हणजे रडू येईल असा मजेशीर. १९९७ ला हवामानाचा क्योटो करार होत होता तेव्हा अमेरिकेने आग्रह धरून लष्करी इंधनाचा मोठा भाग हिशेबाबाहेर ठेवून घेतला, आणि मग त्या करारात स्वतः सामील झालीच नाही. २०१५ च्या पॅरिस करारात लष्कराचं उत्सर्जन सांगायचं की नाही हे देशांच्या मर्जीवर सोडलं. पेंटॅगॉन हे जगातलं सगळ्यात जास्त तेल पिणारं एकच एक सरकारी खातं. २०२२ मधे काही शास्त्रज्ञांनी अंदाज काढला की जगातल्या सगळ्या लष्करांचा मिळून वाटा एकूण उत्सर्जनाच्या साडेपाच टक्क्यांच्या आसपास असेल. अंदाजच, कारण खरे आकडे कोणी देतच नाही.

पण टक्केवारीवर लोक रस्त्यावर येत नाहीत हो. मी तरी नाही आले.

म्हणून व्हिएकेस. कॅरिबियन समुद्रात अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिकोजवळचं छोटं बेट, १९४० च्या दशकात अमेरिकन नौदलाने त्यातली बहुतेक जमीन घेतली, लोकांना मधल्या पट्टीत ढकललं आणि एका टोकाला बॉम्ब टाकायचा सराव सुरू केला, साठ वर्षं. पोर्तो रिकोची माणसं अमेरिकन नागरिक आहेत पण तिथे राहून त्यांना राष्ट्राध्यक्षासाठी मत देता येत नाही, म्हणजे ज्याच्या हुकमाने बॉम्ब पडतात त्याला पाडायची सोय नाही. कोळी लोक सत्तरच्या दशकापासून आपल्या होड्या युद्धनौकांच्या आडव्या घालत होते. मग १९ एप्रिल १९९९ ला सरावातले दोन बॉम्ब चुकून भलतीकडे पडले आणि तळावर सुरक्षारक्षकाची नोकरी करणारा डेव्हिड सानेस हा तिथलाच माणूस मेला. त्यानंतर लोक थेट बॉम्बिंगच्या मैदानात जाऊन राहिले, तंबू ठोकले, झोपड्या बांधल्या, न फुटलेल्या बॉम्बांच्या शेजारी चुली मांडल्या, वर्षभराहून जास्त. मे २००० मधे त्यांना उचललं, ते परत घुसले. हजाराच्या वर अटका झाल्या. मागणी एकच होती: नौदल बाहेर. आजोबा खूश व्हावेत इतकी एकच. पण त्या एका मागणीच्या पोटात सगळं होतं, कॅन्सरची भीती होती, विषारी धातू मिसळलेली माती होती, मासे होते, वसाहत असणं होतं.

१ मे २००३ ला नौदल गेलं. ही तारीख बघून मी थांबले, कारण त्याच वर्षी १५ फेब्रुवारीला इराक युद्धाविरुद्ध जगातल्या शेकडो शहरांतले लोक एकाच दिवशी रस्त्यावर आले होते, काही अंदाजांनुसार ६० लाख ते १ कोटी, तोवरच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं आंदोलन म्हणतात त्याला. आणि साधारण महिन्याभराने युद्ध सुरू झालं. आणि त्यानंतर सहाएक आठवड्यांनी त्याच सरकारचं, त्याच लष्कराचं एक अंग एका बेटावरून काढता पाय घेतं, कोळी आणि शिक्षिका आणि पाद्री यांच्यापुढे. मोर्चा वाईट होता असं मला म्हणायचं नाहीये. पण मोर्चा संध्याकाळी घरी जातो. व्हिएकेसवाल्यांचं घरच तिथे होतं.

(नौदल गेल्यावर जमीन साफ करायचं काम दोन दशकं होऊन गेली तरी चालूच राहिलंय, त्यामुळे ‘जिंकले’ हा शब्द मी जरा हात राखूनच वापरते.)

हवाईच्या रेड हिलचंही तसंच. ओआहू बेटावर डोंगराच्या पोटात दुसऱ्या महायुद्धातल्या वीस अजस्र इंधन टाक्या, आणि त्यांच्या खाली साधारण शंभर फुटांवर बेटाला पाणी पुरवणारा भूजलाचा साठा. आदिवासी हवाईयन लोक आणि पर्यावरणवाले वर्षानुवर्षं ओरडत होते. २०१४ मधे गळती झाली, दुरुस्ती करतो म्हणाले. नोव्हेंबर २०२१ मधे इंधन थेट नळात आलं, नौदलाच्या त्या पाणीपुरवठ्यावर ९३,००० लोक होते, आणि आजारी पडले त्यांत बहुतेक सैनिकांचीच कुटुंबं, त्यांची लहान मुलं. मग सैनिकांच्या बायका आणि हवाईयन कार्यकर्ते, ज्यांचं एरवी एकमेकांशी बोलायचं काही कारण नाही, एकाच बाजूला उभे राहिले. मार्च २०२२ मधे संरक्षणमंत्र्यांनी टाक्या बंद करायचं जाहीर केलं. तिथे ‘इंटरसेक्शनल एकजूट’ (वेगवेगळ्या अन्यायांविरुद्धचे लढे एकत्र जोडणं) वगैरे शब्द कोणी वापरला असेल असं वाटत नाही. पाण्याला रॉकेलसारखा वास येत होता.

यापेक्षाही आधीचं एक उदाहरण, माझं आवडतं. १९५८ पासून सेंट लुईसमधे शास्त्रज्ञ आणि गृहिणी मिळून लहान मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करत होते. अणुचाचण्यांची राख गवतावर, गवत गाईच्या पोटात, गाईचं दूध मुलांच्या पोटात, आणि त्या राखेतलं किरणोत्सारी स्ट्राँशियम-९० शरीराला कॅल्शियमसारखं वाटतं म्हणून ते दातात जाऊन बसतं. दात पाठवला की पोराला बिल्ला मिळायचा. तीनएक लाख दात जमले! १९६१ च्या १ नोव्हेंबरला हजारो बायका एका दिवसासाठी घरकाम सोडून चाचण्यांविरुद्ध बाहेर पडल्या, आणि १९६३ मधे हवेतल्या चाचण्या बंद करायचा करार झाला. पण चाचण्या मग जमिनीखाली गेल्या, नेवाडात, वेस्टर्न शोशोनी लोक जी जमीन आपली मानतात तिथे. आणि पॅसिफिकमधल्या मार्शल बेटांवर १९४६ ते १९५८ मधे जे ६७ स्फोट केले, त्यातला काही कचरा तिथल्याच रुनिट बेटावर काँक्रीटच्या घुमटाखाली पुरलाय आणि समुद्र त्याच्याभोवती चढतोय. सेंट लुईसच्या आयांना दोष नाही देत मी. पण दात कोणाचे मोजले गेले आणि कोणाचे नाही, हे त्या मुलीने नक्की विचारलं असतं.

तर पत्रकाचं काय झालं. पुढच्या मीटिंगला ती मुलगी लॅपटॉप घेऊन आली. पेंटॅगॉनने कुठल्या गावच्या पोलिसांना काय दिलं याची यादी सरकार स्वतःच प्रसिद्ध करतं, नुसती एक्सेल शीट, कोणीही उघडून बघावी. तिने आमच्या भागाच्या ओळी काढल्या होत्या. आजोबांनी चष्मा लावला आणि एकेक ओळ मोठ्याने वाचायला लागले, रायफली, दुर्बिणी, आणि मग ती चिलखती गाडी, समोर किमतीचा आकडा, आणि ते अर्धा मिनिट गप्पच झाले. मग म्हणाले, हीच ओळ टाका, बाकी काही लिहू नका.

तशी ती एक ओळ गेली, खाली पुढच्या मीटिंगची वेळ. हवामानाचं राहिलंच. ती गाडी एका गॅलनला किती मैल जाते ते कोणीतरी शोधतंय, आणि ते त्याच ओळीत बसवायचं की पत्रकाच्या मागच्या बाजूला, यावर येत्या गुरुवारी भांडण आहे. कॉफी या वेळी मी थर्मासमधून नेणार आहे.