पावसाचं सोडा, उन्हाचं विचारा

"मातीची भिंत? मग पावसात वाहून नाही गेली?" घर बघायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण हे विचारतो, आणि लगेच पुढचं: बांधताना काय काय बिनसलं? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पावसाने फार काही केलं नाही. अवकाळीच्या एका सरीत वरचा थर भिजला, तो खरवडून पुन्हा कुटला, विषय संपला. छळलं ते उन्हाने.

पद्धत अशी: फळ्यांच्या फर्म्यात ओलसर मातीचा सहा इंची थर टाकायचा, धुम्मसाने कुटून चार इंचांवर आणायचा, मग वर पुढचा थर. आम्ही थोडं सिमेंटही घालत होतो. सगळी मेख ओलाव्यात. मुठीत वळलेला गोळा छातीच्या उंचीवरून टाकला की त्याचे दोन-चार तुकडे व्हावेत. भुगा झाला तर माती कोरडी, चपटा बसला तर पाणी जास्त. वजनाच्या साधारण दहा टक्के पाणी धरतात.

एप्रिलमधल्या खानदेशात हा हिशेब दुपारपर्यंतही टिकत नाही. उजाडताना नेमका फुटणारा गोळा दहा वाजता भुगा. पारा चाळिशीपार, त्यात झळा. कालवलेली माती घमेल्यातून फर्म्यापर्यंत जाईस्तोवर वरून फटफटीत. पुन्हा पाणी मारावं, तर तोवर सिमेंट धरायला लागलेलं. अशा मातीला धुम्मस लागतच नाही. चांगला कुटलेला थर ठणठण बोलतो. हा भदभद करत राहायचा. फर्मा उघडला तर दोन थरांमध्ये सरळ रेघ, आणि नख लावलं की माती भुरभुर खाली. पश्चिमेच्या भिंतीचा तेवढा भाग उतरवला. सिमेंट धरलेली ती माती पुन्हा भिंतीत घालून उपयोग नसतो. जोत्यात भर म्हणून गेली.

मग भाजीच्या रोपांसाठी असतं ते हिरवं शेडनेट कामावर ताणलं, एका वेळी दोन-चार घमेलीच कालवायची असं ठरलं आणि पहाटे सुरू झालेलं काम ऊन चढायच्या आत थांबायला लागलं. फर्मा काढल्यावर ओलं गोणपाट. मजुरांनाही हे वेळापत्रक आवडलं, एरवी मे महिन्यात कोण खूश असतं!

मातीचं म्हणाल, तर आपली काळी कापसाला सोनं, भिंतीला वैरी. ओल लागली की फुगते, वाळली की भेगाळते. जुने गवंडीबाबा ढेकूळ हातात घेऊनच म्हणाले, "कायी माटी शे भाऊ, हाई फुगस." पायाही त्यामुळे मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा लागला. भिंतीला माळावरचा मुरूम, रेती आणि बेताची चिकण माती. गावच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, माती उचला, असाही सल्ला मिळाला. तो मानला नाही. प्रकाशे आणि बहाळच्या अशाच टेकाडांत ताम्रपाषाणयुगातल्या वस्तीचे थर निघालेत. तिथे फावडं घालणं मला पटत नाही.

फर्म्याने पोट काढलं ते वेगळंच. स्लॅबच्या सेंट्रिंगला भार वरून येतो, इथे धुम्मसाचा रेटा बाजूला जातो. आरपार लोखंडी सळया घालून नटांनी आवळल्यावर फळ्या जागेवर राहिल्या. कोपरे मात्र फर्मा काढताना तुटतच होते. आत तिरकी लाकडी पट्टी ठोकून धारच मारून टाकली.

पावसाचा बंदोबस्त तसा जुनाच: खाली दगडी जोतं, वर लांब पागोळी. गढ्या बघा ना, छप्पर गेलं की मातीचे बुरूज झिजतात, खालचा दगड राहतो.

तुम्हाला बांधायचं असेल तर दिवाळीनंतर काम काढा आणि होळीच्या आत भिंती उरका. आमच्याकडे यायचं असेल तर खुशाल या. येताना तुमच्या जागेतली माती बरणीत आणा, पण चार फूट खालची. वरची काळी नको.