‘मागे’ म्हणजे पाठीमागे नव्हे

माझी नात दुसरीत आहे. सोसायटीच्या झेंडावंदनाच्या आदल्या दिवशी, कोथरूडच्या आमच्या गॅलरीत ती राष्ट्रगीत म्हणत होती. ‘मागे’ आलं की मान वळवून पाठीमागे बघायची. “काय बघतेस गं?” म्हटलं, तर म्हणाली, “आजी, गाण्यातच आहे ना!”

मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. रोज परिपाठाला हे गीत झालं, पण हा शब्द मी एकाही वर्गाला उलगडून सांगितला नाही. त्याची फार चुटपुट लागली.

मग दोघी पाटावर बसलो. हे गाणं रवींद्रनाथ टागोरांनी लिहिलं, बंगालीत. ‘मागे’ म्हणजे मागतात. तू माझ्याकडे लाडू मागतेस तसं हे सगळे आशीर्वाद मागतात. ‘गाहे’ म्हणजे गातात. ‘गाथा’ मात्र तिला लगेच कळली, कारण देहूच्या गाथा मंदिरात भिंतींवर कोरलेले तुकोबांचे अभंग तिनं बोटानं गिरवले होते. ‘उच्छल जलधि तरंग’साठी बादलीत पाणी घेऊन हातानं उसळवलं. जलधि म्हणजे समुद्र, तरंग म्हणजे लाटा. गॅलरी ओली झाली, पण अर्थ पक्का बसला.

“‘मराठा’ म्हणजे आपण?” हो, आपला मुलूख. उत्कल म्हणजे ओडिशा, बंग म्हणजे बंगाल, द्राविड म्हणजे दक्षिण.

इतिहास थोडक्यातच सांगितला. २७ डिसेंबर १९११ ला कलकत्त्यात काँग्रेसच्या अधिवेशनात हे पहिल्यांदा गायलं गेलं, तेव्हा देशावर इंग्रजांचं राज्य होतं. मूळ गाण्याला पाच कडवी आहेत, आपण पहिलंच म्हणतो. २४ जानेवारी १९५० ला, प्रजासत्ताक दिनाच्या दोन दिवस आधी, ते राष्ट्रगीत ठरलं. त्याच दिवशी ‘वंदे मातरम्’लाही तेवढाच मान मिळाला. ‘वंदे मातरम्’ हेच राष्ट्रगीत व्हावं म्हणून प्रभात फिल्म कंपनीचे संगीतकार मास्टर कृष्णराव किती झटले होते! त्यांनी त्याला झिंझोटी रागात चाल बांधली होती. आपल्या पुण्यातल्या मुलांना हे कळायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

राष्ट्रगीताला साधारण ५२ सेकंद लागतात. तिनं मोबाइलवर वेळ लावून म्हणून पाहिलं, ४१ सेकंदांत संपवलं. “धावत नाही म्हणायचं, बाळा,” म्हटलं. पुन्हा म्हटलं, तेव्हा जमलं.

नकाशा काढल्यावर तिनं सिंधवर बोट ठेवलं. “हे तर पाकिस्तानात आहे!” मी तिला फाळणीबद्दल जमेल तेवढं सांगितलं. घरदार सोडून आलेली कितीतरी सिंधी कुटुंबं पिंपरीच्या कॅम्पात राहिली, त्यांची मुलं-नातवंडं आजही तिथं आहेत. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानंही सिंध हा शब्द गीतातून काढायला नकार दिला.

ती थोडा वेळ नकाशा बघत राहिली. मग म्हणाली, “आजी, आपण पिंपरीला कधी जाऊ या?”